पातं वर

आर्डिस स्कोग्लीचा पुढचा दात काही म्हातारपणाने पडला नाही. वाटाघाटींचं सहावं वर्ष चालू होतं, सभागृहात शंभरेक शेतकरी बसले होते, आणि ती एवढंच म्हणाली होती की खालच्या खाडीतली चाळीस एकर जमीन आपण माशांना सोडली तर उरलेल्या आठ हजार एकरांवर कोणी कोर्टात बोट ठेवणार नाही. मागून लोखंडी खुर्ची आली. फेकली कोणी ते सगळ्यांनी पाहिलं आणि विचारल्यावर कोणीच पाहिलेलं नव्हतं. आर्डिसने रक्त रुमालात थुंकलं, दात खिशात टाकला आणि म्हणाली, "चाळीस एकर. पुढचा मुद्दा घ्या." अशी बाई! तिला हरवायचं तर जिवेच मारायला हवं होतं, आणि तेवढं धाडस त्या सभागृहात कोणाच्यात नव्हतं.

ती शेतकऱ्यांचीच माणूस. चार पिढ्यांची स्कमेलच्या खोऱ्यातली, गोठ्यात वाढलेली. शेतकरी संघाच्या वतीने बोलायचं, भांडायचं, कागद करायचे, हे तिचं काम. समोर बसायची ती स्कमेल जमात, त्या खोऱ्यातली मूळची माणसं. नदीचं नाव त्यांच्यावरून पडलं आणि नदीतला सॅल्मन त्यांच्या ताटातला. आर्डिसच्या पणजोबांनी खाडीला बांध घातले, खारजमीन कोरडी केली, तिथे बटाटा आणि ट्यूलिप लावले. पीक आलं, पण माशांच्या पिल्लांची वाढायची जागाच गेली. वर्षाला लाखांनी समुद्रातून नदीत चढणारा मासा हजारांवर आला. मग भांडण होणार नाही तर काय होणार? शंभर वर्षं ते चाललं. जाळी फाडली गेली, गोठे पेटले, होड्यांना भोकं पडली. संघातल्या डर्क हॉफस्ट्राच्या बापाची दोन बोटं अशाच एका मारामारीत होडीच्या कडेवर तुटली होती, आणि डर्क ती गोष्ट जेवताना सांगायचा.

त्यावर आर्डिसने आठ वर्षं घासली. जमातीकडून तिच्याबरोबर राबला तो लेलंड जॉर्ज. छत्तीस वर्षांचा, आडव्या बांध्याचा, मासे मोजायच्या खात्यात कामाला. बांधात नवीन उघाडी बसवली ती त्याने. उघाडी म्हणजे बांधातून जाणाऱ्या मोठ्या पाइपाचं लोखंडी झाकण. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला मिटून समुद्र बाहेर ठेवतं. लेलंडने त्याला तरंगतं पिंप जोडलं. त्यामुळे भरती चढू लागली तरी झाकण थोडा वेळ उघडं राहायचं, पिल्लं आत यायची, आणि पाणी धोक्याला टेकण्याआधी आपोआप मिटायचं. शेतकरी आधी हसले. मग पहिल्या वसंतात निचरा पूर्वीपेक्षा बरा झाला तेव्हा हसायचे थांबले. आर्डिसचा धाकटा भाऊ ऑर्लन तर लेलंडला घरी जेवायला बोलवू लागला. त्याची गाय अडली होती तेव्हा लेलंडने खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं होतं.

करारावर सह्या शुक्रवारी व्हायच्या होत्या. बुधवारी पूर आला.

नोव्हेंबरचा पूर. डोंगरावरचा बर्फ गरम पावसाने एका दिवसात वितळला, आणि खाली समुद्राला वर्षातली सगळ्यात मोठी भरती, दुपारी चार वाजता. सकाळपासून बांधावर गस्त सुरू झाली. आता ही गस्त काय चीज आहे ते सांगायला हवं. आजोबांच्या काळात समोरच्या काठाच्या लोकांनी पुरात येऊन या काठाचा बांध खोदला होता. इकडचा फुटला की तिकडचा वाचतो, साधा हिशेब. अकरा माणसं बुडाली. तेव्हापासून पूर आला की शेतकरी बंदुका घेऊन बांधावर चालतात, आणि एक नियम पाळतात. बांधावर ज्याच्या हातात फावडं आहे त्याने ते खांद्यावर घ्यायचं, पातं वर. पातं वर म्हणजे आपला माणूस. पातं खाली, मातीकडे, म्हणजे बांध फोडणारा. त्याला एक हाक मारायची, आणि थांबला नाही तर गोळी. काही खणायचं, बुजवायचं असेल तर आधी गस्तीच्या म्होरक्याला सांगायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. खोऱ्यातल्या पोरांना हे चालायला शिकतानाच कळतं.

अडीच वाजता आर्डिसचा फोन वाजला. ऑर्लनची बायको होती. "ताई, खालच्या उघाडीतून पाणी आत येतंय. धो धो! झाकण मिटतच नाहीये."

आर्डिसने घड्याळ पाहिलं. चार वाजेपर्यंत उघाडी मिटली नाही तर अर्धं खोरं पाण्याखाली जाणार. आणि तेही जमातीच्या माणसाने बसवलेल्या उघाडीतून! करार गेला चुलीत. त्या शंभर जणांनी पुन्हा खुर्च्या उचलल्या नसत्या, बंदुकाच उचलल्या असत्या. तिने लेलंडला फोन लावला.

"लेलंड, उघाडी अडकली."

"ओंडका असणार," तो म्हणाला. "झाकणाखाली गेला असेल. मी होडीने येतो, वीस मिनिटांत. तू नको येऊस आर्डिसबाई, तुझे गुडघे बघ आधी."

"माझ्या गुडघ्यांचं तू बघू नकोस. पहार आण. आणि फावडं, चिखल साचला असेल."

"फावडं आणतो, पहार आणतो, कॉफी पण आणू का?"

"मेल्या, ये लवकर!"

एवढंच बोलणं झालं. डर्क हॉफस्ट्रा त्या दिवशी गस्तीचा म्होरक्या होता. त्यालाही तिने फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावायचं तिच्या मनात होतं. पण रस्त्यावर पाणी आलं, गाडी बंद पडली, आणि ती बांधावरून चालत सुटली. धुकं होतं, पाऊस होता, पायाखाली चिखल होता. ती धापा टाकत होती आणि मनात चार वाजत होते.

दोनशे पावलांवरून तिला लेलंड दिसला. बांधाच्या बाहेरच्या उतारावर, उघाडीच्या डोक्यावर, कमरेत वाकून तो चिखल उपसत होता. फावडं मातीत होतं. पातं खाली.

तेव्हा तिला आठवलं. अंगातली सगळी ताकद घशात आणून ती ओरडली, "लेलंड! फावडं वर कर! वर!" पाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? पलीकडून धुक्यातून एक माणूस आला, पिवळा रेनकोट, हातात बंदूक. त्याने पाहिलं, बंदूक खांद्याला लावली आणि उडवली. हाक नाही, काही नाही. लेलंड तिथेच आडवा झाला आणि पाण्यात गेला.

पिवळा रेनकोट तिने स्वतः घेऊन दिला होता. ऑर्लनला, वाढदिवसाला.

पळताना ती दोनदा पडली. पोचली तेव्हा लेलंड पाइपाच्या तोंडाशी ओंडक्याला अडकला होता, आणि आत घुसणारं पाणी त्याला खाली ओढत होतं. आर्डिसने विचार केला नाही, उडी मारली. पाणी असं गार की छातीच बंद पडली. त्याची कॉलर तिच्या हातात आली, ती तिने दातांतही धरली. वरून ऑर्लनचा आवाज आला, "कोण आहे? ताई? ताई, कोण आहे तो?"

दातांतली कॉलर सोडून ती ओरडली, "लेलंड आहे! तुझा लेलंड! हात दे, हरामखोरा, हात दे!"

ऑर्लनच्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. बंदूक टाकून तो खाली घसरत आला, आणि दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. गोळी मांडीच्या वरच्या भागात, जांघेजवळ लागली होती. रक्त नुसतं वाहत नव्हतं, उसळत होतं. आर्डिसने पट्टा काढून आवळला, पण जागा अशी की पट्टा बसेना. तिने दोन्ही मुठी जखमेत दाबल्या आणि त्यावर आपलं वजन टाकलं.

लेलंड शुद्धीत होता. त्याने ऑर्लनकडे पाहिलं. "तू होय," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकच ओंडका राहिलाय. आधी पिंप वर उचल, मग पहार घाल. नाहीतर झाकण वाकेल."

ऑर्लन रडत होता, हलेना. आर्डिस किंचाळली, "सांगतोय ते कर!" तो पाण्यात उतरला, पिंप खांद्याने वर रेटलं आणि पहार घातली. ओंडका सुटला. झाकण धाडकन मिटलं आणि आत जाणारं पाणी थांबलं. आठ हजार एकर वाचले. वाचवणारा चिखलात पडून आपलंच रक्त बघत होता.

गोळीचा आवाज ऐकून डर्क हॉफस्ट्रा दोन माणसांसह धावत आला. साठीचा, टोपीपासून बुटापर्यंत चामड्याचा माणूस. त्याने एकदा खाली पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. फोन करून त्याने हेलिकॉप्टर मागवलं, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग ऑर्लनची मान पकडून त्याने त्याला उभं केलं.

"ऐक. तू हाक मारलीस. तीनदा मारलीस. त्याने उत्तर दिलं नाही. मी ऐकली."

"मी..."

"तीनदा! बायकोपोरं आहेत ना तुला?" त्याने आर्डिसकडे पाहिलं. "तू पण ऐकलीस."

"माझ्या मुठी कुठे आहेत बघ, डर्क," आर्डिस म्हणाली. "त्या बाहेर काढता आल्या असत्या तर तुझं थोबाड फोडलं असतं."

तेवढ्यात खाडीतून दोन होड्या आल्या. लेलंडच्या मागोमाग मदतीला निघालेली त्याचीच माणसं. पुढच्या होडीत त्याची आत्या व्हर्ना, जमातीच्या मासेमारीची प्रमुख, सत्तरीची. तिने भाच्याला पाहिलं, पडलेली बंदूक पाहिली. ती काही बोलायच्या आत तिच्यामागून लेलंडचा मावसभाऊ टेरेन्स उडी मारून आला, आणि हातातला मासे ओढायचा लोखंडी आकडा त्याने ऑर्लनच्या खांद्यात घातला. हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. ऑर्लनने हात वर केला नाही, अंग चोरलं नाही. उभाच राहिला. डर्कच्या माणसांपैकी एकाने टेरेन्सच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता हाणला, टेरेन्सने त्याला घेऊनच उतारावर लोळण घेतली. दोघं चिखलात एकमेकांचे गळे धरून गरगरत खाली गेले. होडीतून आणखी तिघं उतरले, वल्ही उगारून. डर्कने बंदूक वर केली आणि व्हर्नाच्या छातीवर धरली.

"मागे व्हा! तो बांध फोडत होता! तीनदा हाक मारली त्याला!"

"खोटं!" आर्डिस ओरडली. मुठी जखमेतच होत्या, तोंड चिखलाने भरलेलं. "मी बोलावलं त्याला! उघाडी मिटवायला बोलावलं! आणि हाक कोणी मारली नाही. एकसुद्धा नाही. मी बघत होते. माझ्या भावाने नुसती बंदूक उचलली आणि मारली!"

डर्कची बंदूक हळूहळू खाली आली. ऑर्लन गुडघ्यावर बसला, खांद्यात आकडा तसाच. खाली दोघं एकमेकांना सोडून खोकत होते. व्हर्ना चालत आली, भाच्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानात त्यांच्या भाषेत बोलत राहिली. आर्डिसच्या मुठींखालचा जोर कमी होत गेला. तिला वाटलं रक्त थांबतंय. व्हर्ना म्हणाली, "काढ आता हात." तरी तिने काढले नाहीत. शेवटी व्हर्नानेच एकेक मूठ धरून बाजूला केली. हेलिकॉप्टर त्यानंतर दहा मिनिटांनी आलं.

शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत. ऑर्लनला पोलिसांनी दवाखान्यातून थेट कोठडीत नेलं. वकील मोठा मिळाला, आणि त्याचं सगळं म्हणणं त्या तीन हाकांवर उभं होतं. डर्कने ऐकल्या होत्या, डर्कच्या दोन्ही माणसांनी ऐकल्या होत्या. आर्डिस एकटी पडली. तिच्या घराच्या काचा फुटल्या, मग गाडीच्या. दुकानात भावजय, ऑर्लनची बायको, भेटली ती सगळ्यांदेखत तिच्या तोंडावर थुंकली. "सख्ख्या भावाला खाल्लंस गं, मासेवाल्यांसाठी!" आर्डिसने तोंड पुसलं. तिला राग आला नाही. खरं सांगायचं तर, तिला बरंच वाटलं. कोणीतरी तिला शिक्षा द्यायला हवी होती, आणि भावजयीने दिली ती चुकीच्या कारणासाठी.

लेलंडला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी व्हर्नाचा निरोप आला. आर्डिस गेली. जमातीच्या सभागृहात धुरावर भाजलेल्या सॅल्मनचा वास अजून होता, दुखवट्याच्या जेवणाच्या पंगती उठून गेल्या होत्या, बायका भांडी घासत होत्या. व्हर्ना लांब टेबलाशी बसली होती, समोर कराराचे कागद. आर्डिसला वाटलं, ही आता फाडणार. फाडू दे. आठ वर्षं गेली तर गेली.

"तू खरं बोललीस तेव्हा," व्हर्ना म्हणाली. "म्हणून बोलावलं. आता पुन्हा बोल. पोलीस सांगतात, तुमच्यात फावड्याचा काही नियम आहे."

"आहे."

"तुला माहीत होता."

"तीन वर्षांची असल्यापासून."

"आठ वर्षं पोरगा तुझ्याबरोबर फिरला. कोणता चर किती खोल, कोणत्या म्हाताऱ्यापुढे टोपी काढायची, कोणाच्या कुत्र्याला बिस्किट द्यायचं, सगळं शिकवलंस. घरी येऊन मला सांगायचा, हसायचा. हे एवढं का नाही शिकवलंस?"

आर्डिसकडे उत्तरं होती. घाई होती. डर्कचा फोन लागला नाही. गाडी बंद पडली. ती सगळी तिने पोलिसांना दिली होती आणि ती खरी होती.

"तो नियम आपल्या माणसांसाठी आहे," आर्डिस म्हणाली. "बांधावर आपलं कोण, परकं कोण, ते ओळखायला. तो त्याला सांगायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कधीच नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. मी त्याला जेवायला घातलं, त्याच्यासाठी दात पाडून घेतला, पण पुरात बांधावर उभा राहणाऱ्यांत मी त्याला धरलाच नव्हता."

व्हर्ना उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आर्डिसच्या एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली. सत्तरीच्या, जाळी ओढलेल्या हाताची. आर्डिस खुर्चीसकट कलली. कोणी मधे पडलं नाही.

"आता नीट बस आणि लिही," व्हर्ना म्हणाली. "पहिलं कलम. आत्ता जे बोललीस ते. तसंच्या तसं. बाकीचं सगळं त्याच्याखाली. चाळीस एकर, उघाड्या, सगळं. तुमच्यातल्या ज्याला करार हवाय त्याने त्या कलमाखाली सही करायची. नको असेल तर कोर्ट आहेच, आणि या वेळी आम्ही आठही हजार मागू."

आर्डिसने लिहिलं. *आमच्या बांधावर एक नियम होता. तो आम्ही लेलंड जॉर्जला सांगितला नाही, कारण आम्ही त्याला आमच्यातला धरलाच नव्हता. म्हणून तो आमच्या गोळीने मेला, आमची शेतं वाचवताना.*

हे घेऊन डर्क हॉफस्ट्राच्या दारात कोणी जायचं? वाक्यावर सही म्हणजे लेलंड बांध फोडत नव्हता हे कबूल, मग तीन हाकाही खोट्या, हे काय कोणाला कळत नव्हतं? डर्कने तिला अंगणातच गोळी घातली असती. ती आधी तुरुंगात गेली.

काचेपलीकडे ऑर्लन दहा दिवसांत दहा वर्षांनी मोठा दिसत होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. तिने कागद शिपायाकडे दिला. त्याने तो तपासून आत दिला. ऑर्लनने तो वाचला. ओठ हलवत वाचला, शाळेत वाचायचा तसा. मग पुन्हा वाचला.

"वकील म्हणतो, दोन वर्षांत सुटेन," तो म्हणाला. "हाक मारली म्हटलं तर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"पंधरा. जास्तही." त्याने नाक पुसलं. "ताई, डोळे मिटले की तोच दिसतो. 'तू होय' म्हणाला. शिवी दिली असती तरी चाललं असतं गं."

तिला म्हणायचं होतं, नको करूस, पोरं लहान आहेत. जिभेवर आलं होतं. तिने जीभ चावली आणि गप्प राहिली, आणि हे तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात निर्दय काम होतं.

ऑर्लनने शिपायाकडे पेन्सिल मागितली. डाव्या हाताने, पहिल्या कलमाखाली, वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिलं: *मी हाक मारली नाही.* खाली पूर्ण नाव घातलं. मग कागद शिपायाच्या हातात दिला.

"डर्ककडे ने आता," तो म्हणाला. "सांग, माझ्या सहीखाली जागा आहे."